हमालाच्या पोटातली अंधारी

जिना बंद झाला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि रामेश्वर खाली चहाला निघाला होता.

दोन पायऱ्या उतरला आणि थबकला. वरपासून खालपर्यंत जिन्यावर बाया बसलेल्या. पायरीवर एक बाई, तिच्यापुढं एक रिकामा हंडा, अशी रांग थेट खालच्या गादीवाल्याच्या दुकानापर्यंत गेलेली. सगळ्यांत वरच्या पायरीवर एक म्हातारी, काठी आडवी टाकून.

"जरा सरकता का मावशी? आलोच पाच मिनिटात."

"जा की," म्हातारी म्हणाली. "आडवलंय कुनी? फकस्त हंड्याला पाय लागू देऊ नको."

रामेश्वरनं पाय ठेवायला जागा शोधली. मांजरालासुद्धा उतरता आलं नसतं. तो चहाविना तसाच मागं फिरला.

हे दोन हजार सोळाच्या एप्रिलमधलं. शहर तेव्हा अजून औरंगाबादच होतं, आणि पाणी सोडून त्याला सगळं फुटत होतं. बीड बायपासला रोज नव्या बिल्डिंगचा पाया पडायचा. पायाला टँकर, भिंतीला टँकर, आत राहायला आलेल्याला टँकर. रामेश्वरच्या सोसायटीची बोअर जानेवारीतच धूळ फुंकायला लागली होती. कोरड्या वर्षांची आता मोजदादच कुणी ठेवत नव्हतं.

रामेश्वर पंचेचाळीसचा, मूळ वैजापूरकडचा, पंधरा वर्षं सिडकोतल्या ह्याच मजल्यावर प्रोग्राम लिहीत बसलेला. तोंडात सुपारी आणि डोक्यात कायम कुणाची तरी फजिती शिजत असलेली. एकदा त्यानं झेरॉक्स मशीनवर कागद चिकटवला, 'हजेरी आता इथे, अंगठा काचेवर दाबा'. आठ दिवस अख्खं ऑफिस अंगठे दाबत होतं. मालक तात्यासाहेबांनी तर दोन्ही दाबले, एकानं भागत नसलं तर म्हणून. मागच्या महिन्यात पाण्याच्या जारवर वही बांधली, 'पिण्याआधी नाव, गाव, कारण'. कारणाच्या रकान्यात लोक 'तहान' लिहायचे आणि खाली सही करायचे. रामेश्वर ती वही घरी नेऊन बायकोला वाचून दाखवायचा.

असा माणूस. आणि त्यानंच हमाल लिहिलेला.

हमाल म्हणजे कंपनीचा फाईल वाहणारा सर्व्हर. गावोगावची माणसं आपापलं नाव-पासवर्ड टाकून त्यात शिरायची, आपल्या फोल्डरात फाईल ठेवायची, हमाल म्हणायचा 'मिळाली', आणि पुढं जिथं पोचवायची तिथं पोचवायचा. ह्या वर्षी त्याच्या पाठीवर टँकरच्या याद्या पडल्या होत्या. किती घरं, किती माणसं, किती जनावरं, ही यादी गावानं रोज पाठवायची. सलग दहा दिवस आली की टँकर बसला. एक दिवस हुकला की मोजणी परत एकपासून. पुढच्या आठवड्याचा आराखडा गुरुवारी संध्याकाळी पाचला बंद. आज गुरुवार होता.

बायांमधून वाट काढत एक माणूस वर आला. गोकुळ त्याचं नाव. देवगाव रंगारीला त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि शेजारच्या कडुबाच्या वस्तीची यादी तोच रोज पाठवायचा. धनगरांची वस्ती, साठ उंबरे. त्यानं टेबलावर अकरा कागद मांडले.

"साहेब, ही आमची आजवरची पाठवणी. अकरा दिवस, एक दिवस खाडा नाय. हे बघा, हरेक कागदावर तुमच्या हमालानं लिहून दिलंय, 'मिळाली'."

"मग झालं की."

"टँकर नाय आला. वर कलेक्टर कचेरीत विचारलं तर म्हनतेत, ह्या वस्तीची एक बी यादी नाय आमच्याकडं."

म्हातारीही मागोमाग आत येऊन उभी राहिली होती. मनकर्णाबाई. वस्ती जिच्या सासऱ्याच्या नावानं होती ती हीच. तिनं हंडा टेबलावर ठेवला, कागदांच्या शेजारी.

"कागुद म्हनतो मिळालं. हंडा म्हनतो नाय," ती म्हणाली. "आता तुमी ह्या दोघांची समोरासमोर गाठ घालून द्या. तवर आमी जिन्यात हाओत. कामं तर तशी बी नाईत, मेंढरं पाव्हन्याकडं धाडलीत."

रामेश्वरनं हसत हसत यंत्रणेत कडुबाच्या वस्तीचं नाव टाकलं. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर. पुढं 'घर' असा एक रकाना होता, ह्या माणसाचं फोल्डर कुठलं ते सांगणारा.

तो रिकामा होता.

हसू तिथंच राहिलं.

"मावशी," तो उठत म्हणाला, "अहो, तुमचं नशीब थोर. आत्ताच फोन आला, जालना रोडवर एक टँकर उभाय, तुमच्याच नावाचा. हंडे उचला, पळा. पंधरा मिनिटं थांबतो म्हणाला."

जिन्यात एक हंडासुद्धा वाजला नाही.

"अकरा दिस हेच ऐकू राह्यलो," मनकर्णाबाई म्हणाली. "बस खाली. उन्हात कुठं जातो."

रामेश्वर बसला.

तर हे समजायला हमालाचं पोट कसं चालायचं ते सांगावं लागतं. रामेश्वर नव्या माणसाला शिकवायचा ते असं. "फोल्डर म्हणजे खोका नाही रे, माणूस समज. आपण त्याच्या खिशात हात घालायचा नाही. नुसतं विचारायचं. बाबा, तुझ्या पोटात कोण कोण? तो सांगेल. तुझ्या वर कोण? तो सांगेल. ही फाईल ठेवतो का? तो म्हणेल ठेवली. फाईलला पण विचारायचं, तू किती मोठी, कुठल्या तारखेची. जो तो आपापलं उत्तर देतो, हमाल फक्त विचारत फिरतो. त्यामुळं समोरचा खरा फोल्डर आहे का सोंग, हमालाला घेणंच नाही. फोल्डरासारखं बोलला की फोल्डर."

चांगली गोष्ट होती. अशा लिहिण्यानं काम सोपं होतं, उद्या फायली डिस्कवर असोत नाहीतर चंद्रावर, हमालाचं एक अक्षर बदलावं लागत नाही. पण 'सोंग' हा शब्द रामेश्वरच्या तोंडून निघाला आणि त्याला झोप लागेना.

त्यानं एक सोंग लिहिलं. नाव ठेवलं अंधारी.

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी आहे ना, तशीच. तिथं गाईड मशाल विझवतो, वटवाघळं फडफडतात, आणि शहाणीसुरती माणसं भिंतीला हात लावून रडकुंडीला येतात. हमालाच्या अंधारीला विचारलं, तुझ्या पोटात कोण, तर ती म्हणायची अंधारी. आत शिरलं तरी अंधारीच. तुझ्या वर कोण, तर म्हणायची मीच. शंभरदा वर जा, माणूस तिथंच. काही ठेवायला दिलं की गोड आवाजात 'मिळाली'. ठेवायचीही ती, पण डिस्कवर नाही, नुसती मनात. हमाल जागा आहे तोवर.

कंपनीत नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी घर नसायचंच. म्हणून रामेश्वरनं एक ओळ लिहून ठेवली, ज्याला घर नाही त्याला अंधारीत टाका. मग ऑफिस भोवती जमायचं, चहा यायचा, आणि नवा माणूस आत धडपडायचा. सुटका एकच, आत 'मशाल' नावाचा फोल्डर बनवायचा, की भिंत उघडायची. कुणाला अर्धा तास लागायचा, कुणाला दुपार. प्रांजली नावाची मुलगी दोन वर्षांपूर्वी लागली तेव्हा ती दीड तास आत होती. मग उठली, सर्व्हरची वायर उपटली, परत लावली आणि म्हणाली, "आले बाहेर. चहा कुठाय?" तेव्हापासून रामेश्वरला तिची जरा भीती होती.

ती एक ओळ कंपनीतल्या पोरांसाठी होती. दुष्काळाच्या याद्या आल्या, पासवर्ड वाटणारे वेगळे आणि घरांची यादी देणारे वेगळे. घरांची यादी जुन्या गावांची. वस्ती त्यात कशाला असेल.

रामेश्वरनं प्रांजलीला कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं.

"सर," ती म्हणाली, "म्हणजे अकरा दिवसांच्या याद्या अंधारीत आहेत."

"हळू बोल. गोकुळला आत पाठवू, मशाल बनवायला लावू, काम खतम. किसी को पता नहीं."

"मशाल मी काढून टाकली."

"काय?"

"दिवाळीत तुम्हीच म्हणालात, फालतू कचरा काढ. ते कुठंच वापरात नव्हतं. काढलं."

"आणि अंधारी ठेवली?"

"अंधारी वापरात होती."

रामेश्वरनं सुपारी गिळली.

"मग परत लिहितो. दोन ओळींचं काम आहे."

"लिहा. नवं लिहिलेलं चालू करायला हमाल बंद करून सुरू करावा लागेल. बंद केला की अंधारी सगळं विसरणार. मी विसरायला लावलं होतं तसं."

खिडकीतून खालची पत्र्याची शेड दिसत होती. संडासाच्या खिडकीतून त्या पत्र्यावर उतरता येईल का, असा विचार रामेश्वरनं खरोखर केला. जाऊन पाहिलंही. खिडकीतून मान बाहेर गेली, पोट नाही. मान तशीच बाहेर असताना खालून आवाज आला, "सायब, हिकडून बी बसू का आमी?" दोन बाया शेडच्या सावलीत हंडे घेऊन बसल्या होत्या. रामेश्वरनं मान आत घेतली.

दुपारभर तो आपल्याच लिहिलेल्या ओळींपुढं बसून राहिला. देखरेखीच्या नावानं शिरून पाहिलं. त्या नावाला सगळी घरं दिसत होती, अंधारी दिसत नव्हती. ती कुठल्याच घरात नव्हती, तिचा हात कुणीच धरलेला नव्हता. जो बेघर आहे त्यालाच फक्त ती दिसायची. स्वतःच असं लिहिलं होतं, आणि त्या वेळी लिहून झाल्यावर टाळी वाजवली होती. वस्तीचं नाव घरांच्या यादीत घालावं, तर गोकुळ पुढच्या वेळी सरळ नव्या कोऱ्या घरात जाईल. छान, हवेशीर, रिकामं घर. याद्या मात्र अंधारातच. त्याच परत पाठवाव्यात, तर सगळ्यांवर आजचीच तारीख पडेल.

"थांबा," प्रांजली म्हणाली. "गोकुळदादा आत्ता आत शिरले, बेघर असताना, तर अंधारीत उभे राहतील. बाहेर यायचं नाही. उभंच राहायचं. मग आपण बाहेरून त्यांचं घर नोंदवायचं. ते आत उभे असतानाच. घर कुठलं हे हमाल दर वेळी नव्यानं विचारतो ना?"

"दर वेळी," रामेश्वर म्हणाला. पाठ ताठ झाली. "पण तू उभा कुठं आहेस, ते विचारत नाही. ते त्याला माहीत असतं."

"मग आतून सांगायचं, इथली फाईल माझ्या घरी हलव."

"आणि फाईल हलवताना मी तिलाच विचारतो, तुझी तारीख कोणती. ती आपली तारीख बरोबर घेऊन जाते." त्यानं कपाळावर हात मारला. "साली, एवढं एकच काम मी इमानदारीत लिहिलं होतं."

पावणेचारला गोकुळला खुर्चीत बसवलं. मनकर्णाबाई त्याच्या मागं काठी टेकून उभी. गोकुळनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि आत शिरला. रामेश्वर म्हणाला, "आता विचार, इथं काय काय आहे." पडद्यावर ओळी उतरल्या.

"आल्या," गोकुळ म्हणाला. "ह्या बघा आमच्या. दहा तारीख, अकरा, बारा..."

"मस्त. आता घर नोंदवतो. एका नावाचा अधिकार माझ्याकडं आहे, कुणाला विचारायची गरज नाही. अकरा हलवायच्या, हमाल बंद करून चालू करायचा, आणि मावशी, तुम्ही टँकरच्या आधी घरी."

त्याचा आवाज परत नेहमीसारखा झाला होता. हमाल बंद म्हणजे अंधारी साफ. पुरावा नाही, तात्यासाहेब नाही, काही नाही. उद्या हा किस्सा नाव बदलून सांगताही येईल.

"ह्या अकरा नाईत," मनकर्णाबाई म्हणाली.

"अहो आहेत मावशी. गोकुळनं वाचल्या की."

"वाचता येत नाय मला. पन मोजता येतं." तिनं डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं, एकदाच, वरून खाली. "एकतीस हायेत."

प्रांजलीनं बोटानं मोजलं. एकतीस होत्या. जन्मभर वाघुराच्या जाळीतून मेंढरं बाहेर पडताना उभ्यानं मोजलेली बाई, तिला एकतीस ओळी म्हणजे काय.

"हे वीस कुनाचे?"

गोकुळ वाचत गेला. दहा होत्या वैजापूरकडच्या फकिराच्या वस्तीच्या. दहा दौलताबादजवळच्या गडामागच्या वस्तीच्या. त्यांनाही घर नव्हतं. तेही रोज 'मिळाली' वाचून घरी जात होते.

"त्यांचं नंतर बघू," रामेश्वर म्हणाला. "आधी तुमचं होऊ द्या. पाचला बंद होतं."

मनकर्णाबाईनं काठी उचलली आणि कळफलकावर आडवी ठेवली. हळूच ठेवली, पण ठेवली.

"आमच्यात रीत हाय बाबा. सांजच्याला खांड घरी आली, मोजली, अन् दुसऱ्याचं मेंढरू आत सापडलं, तर त्याला हाकलायचं नाय. ज्याचं त्याला सांगावा धाडायचा. तवर आपल्या चाऱ्यात त्याचा बी घास. ह्यो अंधार झाडून काढला तर हे वीस कुठं जातील?"

रामेश्वरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"जातील का नाय कुठं?"

"जाणार नाहीत," प्रांजली म्हणाली. "मरतील."

"मग?"

मग असं होतं, की त्या वीस याद्या त्या त्या वस्तीच्या माणसानंच आत शिरून हलवायला हव्यात. त्यांना फोन करायला हवा, आत उभं करायला हवं, आणि ते उभे असताना आणखी दोन घरं नोंदवायला हवीत. रामेश्वरच्या अधिकारात एकच घर होतं. दोनसाठी तात्यासाहेबांची किल्ली लागणार. तात्यासाहेब कारण विचारणार. कारणाचा रकाना असतोच. 'तहान' लिहून भागणार नव्हतं.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

पंखे थांबले. कोपऱ्यातली बॅटरी टीं-टीं करायला लागली. हमाल जागाच होता, पण ही बॅटरी कशी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. नवी असताना तासभर चालायची. आता अर्धा तास, चांगली वागली तर. तिनं डोळे मिटले की अंधारी आपोआप साफ. रामेश्वरला काही करायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं अकरा हलवून गप्प बसायचं, अर्धा तास. बाकीचं विजेवर ढकलायचं. एवढी सोपी खोडी त्याला आयुष्यात कुणी आयती दिली नव्हती.

त्यानं पडद्याकडं पाहिलं. फकिराची वस्ती, माणसं एकशे चार, शेरडं-मेंढरं दोनशे साठ. यादीच्या खाली कुणीतरी रोज एक ओळ जास्तीची लिहिली होती, मागितलेली नसताना. 'साहेब, यादी मिळाल्याचे कळाले, आभारी आहोत.' दहाही दिवस.

तो उठला आणि केबिनचं दार न वाजवता आत गेला.

तात्यासाहेब अंधारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते. बायपासचं शेत बिल्डरला देऊन त्यांनी ही कंपनी काढली होती, आणि संगणकापेक्षा त्यांना अजून बैलांतलं जास्त कळायचं. जिन्यामुळं तेही सकाळपासून अडकलेले, डबा खाऊन झालेला, चिडायची ताकद संपलेली.

"उठवल्या का बाया?"

"नाही. तात्यासाहेब, किल्ली पाहिजे. दोन घरं नोंदवायचीत."

"वरून पत्र आलंय?"

"नाही."

"मग कारण?"

रामेश्वर एरवी ह्या जागी सतरा कारणं देऊ शकला असता. जुनी यादी वरूनच आली, हेही एक होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"वस्त्यांना घर नव्हतं हे हमालानं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं असतं, तर ही माणसं दुसऱ्या दिवशी इथं येऊन भांडली असती आणि तिसऱ्या दिवशी काम झालं असतं," तो म्हणाला. "पण तो 'मिळाली' म्हणाला. कारण मी त्याला तसं शिकवलं. गंमत म्हणून. नवीन पोरांची मजा बघायला. तीन वस्त्यांचे दहा-दहा दिवस माझ्या गमतीत गेलेत."

पुठ्ठा थांबला.

"झेरॉक्सचा अंगठा पण तुझाच होता का?"

"हो."

"दोन्ही दाबले रे मी," तात्यासाहेब म्हणाले. खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर किल्लीचे आकडे होते. "जारवरची वही?"

"तीपण."

"आधी हे कर. मग मी तुझ्याकडं बघतो."

पुढची वीस मिनिटं ऑफिसात कुणी कुणाला नावानं हाक मारली नाही, नुसते हात चालले. प्रांजलीनं वैजापूरला फोन लावला. तिकडचा माणूस बाजार समितीत कांद्याच्या ढिगावर उभा होता, त्याला कुणाच्या तरी संगणकापाशी पळवलं. गडामागच्या वस्तीची द्वारकाबाई नावाची बचतगटाची बाई होती, ती मोबाईलवरूनच शिरायची. रामेश्वर तिच्याशी बोलत होता.

"ताई, आत गेलात?"

"गेले. तेच दिसतंय रोजचं."

"तिथंच उभ्या राहा. बाहेर येऊ नका, काही झालं तरी."

"अहो रेंज जाऊ राह्यली इथं."

"मग गच्चीवर चढा. पण बाहेर येऊ नका."

तीन माणसं तीन गावांतून एका अंधारात उभी होती आणि एकमेकांना दिसत नव्हती. रामेश्वरनं एकेक घर नोंदवलं. कडुबाची वस्ती. फकिराची वस्ती. गडामागची वस्ती. मग म्हणाला, "हलवा."

मनकर्णाबाई पडद्यापुढं उभी राहिली, जशी वाघुराच्या तोंडाशी राहायची. एकेक ओळ अंधारीतून गळत होती.

"तीस," ती म्हणत होती. "एकोनतीस. अठ्ठावीस."

बॅटरीचा टीं-टीं आता सलग झाला होता. द्वारकाबाईचा फोन मध्येच तुटला आणि नऊ ओळी अडकल्या. तात्यासाहेब स्वतः केबिनमधून बाहेर येऊन बॅटरीवर पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले. त्यानं काही होत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तीन मिनिटांनी फोन जोडला गेला.

"बाहेर पडलात का ताई?"

"नाय पडले. गच्चीवर हाय. पोळतेत पाय."

"तीन," मनकर्णाबाई म्हणाली. "दोन. एक." मग काठी जमिनीला टेकवली. "वाघूर रिकामं."

चार वाजून एकवीस मिनिटांनी बॅटरी गेली आणि हमाल निजला. लाईट आली पावणेपाचला. हमाल उठला तेव्हा तीन घरं जागेवर होती आणि घरात एकतीस याद्या, आपापल्या तारखांसकट. पाचला दहा कमी असताना वरून निरोप आला, तीन नवे टँकर, उद्या सकाळपासून. तात्यासाहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"झालं मावशी," रामेश्वर म्हणाला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, पण जीव हलका झाला होता. "मिळालं बघा. आता तरी जिना मोकळा करा."

मनकर्णाबाईनं हंडा उचलला. रिकामाच.

"मिळालं तर तू आधी बी म्हनत व्हता," ती म्हणाली. "अकरा येळा. चल."

"कुठं?"

"वस्तीवर. टँकर आला की जा मंग."

रामेश्वरनं तात्यासाहेबांकडं पाहिलं. तात्यासाहेब पुठ्ठ्याकडं पाहत होते.

"घेऊन जा," ते म्हणाले. "चप्पल लपवून ठेवा त्याची. लई चालू माणूस आहे."

टेम्पोत हंड्यांमध्ये बसून रामेश्वर गेला. रात्र वस्तीवर कशी काढली ते तो कुणाला सांगत नाही. इतकंच कळतं, की त्याला प्यायला पाणी मागायचा धीर झाला नाही, आणि न मागता एक तांब्या आला.

सकाळी नऊ वाजून गेले, साडेनऊ झाले. रामेश्वर कोरड्या टाकीच्या कठड्यावर बसून रस्त्याकडं पाहत होता. साठ उंबऱ्यांच्या वस्तीत एवढ्या आतुरतेनं टँकरची वाट कुणीच पाहत नव्हतं. दहाला दहा कमी असताना धूळ दिसली, मग हॉर्न, मग तो पिवळा टँकर. पाईप टाकीत पडला आणि तळाला पाणी आपटल्याचा आवाज आला. बाया हंडे घेऊन धावल्या. त्याच्याकडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गर्दी ओसरल्यावर तो मनकर्णाबाईपाशी गेला.

"आता जाऊ का?"

तिनं झोपडीच्या आढ्यातून त्याची चप्पल काढून दिली. तो एक पाय घालत होता तेवढ्यात खिशात फोन वाजला. प्रांजलीचा निरोप. 'सर, अंधारी काढून टाकली. आता बेघर कुणी आलं की हमाल स्पष्ट सांगतो, तुमचं घर नोंदलेलं नाही, यादी मिळालेली नाही, ताबडतोब या नंबरवर बोला. तात्यासाहेबांनी नंबर तुमचा घालायला सांगितला. पाऊस पडेपर्यंत.'

तो वाचून संपवतो न संपवतो तोच फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. थांबला. लगेच दुसरा अनोळखी नंबर.

रामेश्वर एका पायात चप्पल घालून उभा राहिला.

मनकर्णाबाईनं भरलेला हंडा डोक्यावर घेतला, चुंबळ नीट केली, आणि जाता जाता म्हणाली,

"उचल की. कुनाचं तरी मेंढरू असंल."